आजीची कैकेयी

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, दुपार

प्रिय मनू,

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मला तुझ्याशी नीट भांडता येत नाही. कुठे अडलीस तर पानाचा फोटो काढून बाबांना पाठव, ते चष्मा शोधून सांगतील.

गुरुवारी तुझा फोन आला, सिरियलमध्ये काम मिळतंय म्हणून, तेव्हा मी "सिरियल?" एवढंच म्हटलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन बाबांच्या हातात दिला. कुकर गॅसवर नव्हताच. तुला ते कळलं असणार, तुझा आवाज लगेच उतरला. मग तू बाबांना म्हणालीस की बहुतेक नाहीच म्हणणार आहे, नाटकातले सगळे हसतील, दहा वर्षं तळघरातल्या रंगमंचांवर घासली ती दुपारच्या सिरियलसाठी का. ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज वाटून तीन दिवस झोप नाही, म्हणून हा कागद.

कारण सिरियलला नाक मुरडण्याचा हक्क या घरात कुणाला असेल तर तो मला नाही. तुझी आई इंग्रजी कुठे शिकली, माहीत आहे? सांगलीच्या कॉलेजात नाही. तिथे फक्त व्याकरण शिकले. मी १९८७च्या फेब्रुवारीत इथे आले. बाबा सकाळी सातची गाडी पकडायचे, मला ड्रायव्हिंग येत नव्हतं, नोकरीची परवानगी नव्हती आणि बाहेर गुडघाभर बर्फ. शेजारच्या अपार्टमेंटमधली म्हातारी दुपारी एकच्या ठोक्याला आमचं दार वाजवायची आणि माझी कपड्यांची टोपली स्वतःच उचलून तिच्या घरी घेऊन जायची. सात नंबरच्या चॅनेलवर 'ऑल माय चिल्ड्रेन' लागायचं. एक तास आम्ही दोघी घड्या घालत बसायचो. ती मध्येमध्ये मला समजावून सांगायची, हा तिचा तिसरा नवरा, ही त्याची आधीची. जाहिराती साबणाच्या. १९३०च्या दशकात रेडिओवर या मालिकांचा खर्च साबण कंपन्या करायच्या म्हणून त्यांना सोप ऑपेरा म्हणतात, हेही तिनेच सांगितलं. मी मात्र बरेच दिवस समजत होते की टोपलीतल्या कपड्यांमुळे म्हणतात.

त्यात एरिका केन होती. पेनसिल्व्हेनियातल्या पाइन व्हॅली नावाच्या कल्पित गावातली, बाप टाकून गेलेली, आईला उलट बोलणारी, दुसऱ्याचा नवरा दिसला की डोळे चमकणारी. बुटकी, आणि उभी राहिली की ताडाएवढी वाटायची. लग्नं दहाच्या आसपास, त्यातली काही कायद्याने बाद. 'हाऊ डेअर यू' हे मी तिच्याकडून शिकले आणि पहिल्यांदा वापरलं ते घरभाडं वाढवायला आलेल्या माणसावर. त्याने भाडं वाढवलंच, पण दोन पावलं मागे सरकला.

एरिकाचं काम सुझन लूची करायची. तिची गोष्ट तुला थोडी सविस्तर सांगते, कारण तुम्ही नाटकवाले तिचं नाव घेतलंत तर फक्त विनोद म्हणून घेता.

जन्म १९४६चा, लाँग आयलंडवर वाढलेली. वडील इटालियन वंशाचे, इमारतींचे कंत्राटदार. १९६८ मध्ये नाटकाची पदवी घेऊन ती न्यू यॉर्कला कामाला लागली. सुरुवातीचं काम ऐक. सीबीएस या टीव्ही चॅनेलमध्ये रंगीत चित्रणासाठी दिवे कसे लावायचे याच्या चाचण्या चालायच्या, आणि त्यासाठी कुणीतरी कॅमेऱ्यासमोर नुसतं बसायला लागायचं. ना संवाद ना अभिनय, नुसता चेहऱ्याचा रंग. पुढे जानेवारी १९७० मध्ये अ‍ॅग्नेस निक्सन या लेखिकेची नवी मालिका एबीसी या चॅनेलवर सुरू झाली आणि त्यात हिला शाळकरी एरिका मिळाली. तेविसाव्या वर्षी शाळकरी! २३ सप्टेंबर २०११ला एबीसीवरचा शेवटचा भाग लागला तेव्हाही एरिका तीच करत होती. एक्केचाळीस वर्षं.

एकच बाई एक्केचाळीस वर्षं करायची म्हणजे काय, याचा विचार कर. तुम्ही दोन महिने तालीम करता आणि बारा प्रयोग. इथे आठवड्याला पाच भाग. तास संपला की दुसऱ्या दिवसाची पानं पाठ. आणि लिहिणारे बदलतात. १९७३ मध्ये, सुप्रीम कोर्टाचा गर्भपाताला परवानगी देणारा रो विरुद्ध वेड निकाल लागला त्याच वर्षी, एरिकाने मॉडेलिंगसाठी कायदेशीर गर्भपात करून घेतला. अमेरिकेत दुपारच्या सिरियलमध्ये असं आधी कुणी दाखवलं नव्हतं. तीस-बत्तीस वर्षांनी दुसऱ्या लेखकांनी ठरवलं की तो गर्भ डॉक्टरने चोरून दुसऱ्या बाईच्या पोटात ठेवला होता, आणि एक तरणाबांड मुलगा आणून उभा केला. शेंडा ना बुडखा. मी तेव्हा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला होते. दुपारच्या डब्याला आम्ही सगळ्याजणी हसून हसून लोळलो. पण लूचीने त्या मुलाकडे पाहिलं ते आई पाहते तसंच. आणि एकदा रानात एरिकासमोर भलं मोठं अस्वल आलं, तर तिने त्याला झापलं: मी एरिका केन आहे, तू घाणेरडं जनावर आहेस, तुला हे करता येणार नाही. हे वाक्य न हसता म्हणून दाखव, मग आपण अभिनयावर बोलू.

१९९३ मध्ये तुझ्या जन्माच्या वेळी सांगलीची आजी सहा महिने आली होती. तिला इंग्रजी शून्य. तिसऱ्या दिवसापासून तिला सगळं कळत होतं. एरिकाला ती कैकेयी म्हणायची. तुला मांडीवर घेऊन "बघ गं, आली तुझी कैकेयी" असं म्हणत बसायची. त्या वर्षी एरिकाने कोवळ्या वयात जन्म देऊन टाकलेली मुलगी केंडल तिला शोधत आली होती, त्यामुळे आजीचं जेवण दुपारी दोनच्या आधी व्हायचं नाही. पण आजीचा जीव खरा जडला तो एरिकाच्या आईवर, मोनावर. पोरगी काहीही करो, ही आपली दारात उभी. बोलायची खरपूस, पण दार लावायची नाही.

मोनाचं काम फ्रान्सिस हेफ्लिन नावाची नटी पहिल्या वर्षापासून करत होती. १९९४च्या जूनमध्ये ती वारली. मालिकेत मग मोनाही गेली. चोवीस वर्षं जिच्याशी रोज भांडण केलं तिच्यासाठी लूची रडली, आणि त्यात एरिका किती आणि ती स्वतः किती हे मला सांगता येईना. तू पाळण्यात झोपली होतीस. मी टॉवेल तोंडात धरून रडले. त्याच रात्री आजीला पत्र लिहिलं, मोना गेली म्हणून. पंधरा-वीस दिवसांनी निळा एरोग्राम आला. पाऊस, लोणचं, बाळ पावलं टाकतं का, सगळं विचारून झाल्यावर कडेच्या पट्टीत बारीक अक्षरात: "मोनाबाईंचं वाचून वाईट वाटलं. आता त्या पोरीला बोलणार कोण?"

आता पुरस्काराचं, कारण तुमचे विनोद त्यावरच असतात. डेटाइम एमीसाठी, म्हणजे दिवसाच्या टीव्ही कार्यक्रमांच्या पुरस्कारासाठी, लूचीचं पहिलं नामांकन १९७८ मध्ये आलं. त्यानंतर ती अठरा वेळा हरली. हरणं हीच तिची ओळख होऊन बसली. रात्रीच्या विनोदी कार्यक्रमात तिने स्वतःच त्याची थट्टा करवून घेतली, एका जाहिरातीतही केली. २१ मे १९९९, शुक्रवार, एकोणिसावी वेळ. तू सहाची होत आली होतीस, झोप म्हटलं तर सोफ्याच्या मागे लपून बघत होतीस. शेमार मूर या नटाने पाकीट उघडलं आणि "द स्ट्रीक इज ओव्हर", हरण्याची रांग संपली, असं ओरडला. मॅडिसन स्क्वेअर गार्डनचं ते अख्खं थिएटर उठून उभं राहिलं आणि काही मिनिटं बसेचना. तिच्याविरुद्ध नामांकन असलेल्यासुद्धा उभ्या. ती भाषणात शेवटी म्हणाली की सोमवारी त्या स्टुडिओत परत जाणार आणि एरिका केन जीव ओतून करणार.

लोक ही गोष्ट अशी सांगतात की हरत राहा, एक दिवस जिंकशील. मला ती कधी पटली नाही. अठरा वेळा हरणारीला दरवेळी सोमवारी जायला स्टुडिओ होता, मनू. खरं हरणं ज्यांचं होतं त्या बायकांची नावं पाकिटापर्यंत आलीच नाहीत. त्या ऑडिशनच्या रांगेत उभ्या होत्या आणि संध्याकाळी कुठेतरी टेबलं पुसत होत्या. दहा वर्षं तू त्या रांगेत आहेस. तुला लूचीचा धडा द्यायचा तर तो चिकाटीचा नाही देणार मी, तुझ्याकडे तिच्याहून जास्त आहे. मला सोमवारचा हेवा वाटतो. तुझ्यासाठी वाटतो. बत्तीस वर्षांची झालीस, आणि काम कसं करायचं हे तुला येतं, पण रोज करायला मिळालं तर तुझं काय होईल हे तू अजून पाहिलेलंच नाहीस.

आणि सिरियलने तिचं दुसरं काही बिघडलं नाही. कलेला बट्टा लागला म्हणावं तर डिसेंबर १९९९ मध्ये ती ब्रॉडवेच्या संगीत नाटकात उभी राहिली, बर्नाडेट पीटर्सच्या जागी. बदली म्हणून, थोडे दिवस, पण राहिली. घर लाँग आयलंडवरच, नवरा तोच १९६९ सालचा, जो पुढे तिचा सगळा व्यवहार बघायचा. तो २०२२ मध्ये गेला. त्याआधी २०१८ मध्ये एका दुकानात तिच्या छातीवर दाब आला. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी नव्वद टक्के बंद निघाली. नंतर ती बायकांना सांगत फिरली की असं काही वाटलं तर घरकाम संपायची वाट बघू नका. (तूही बघू नकोस. आपल्याकडे आजोबांचं माहीत आहे तुला.)

गोडगोड सांगून मला तुला तिकडे ढकलायचं नाही. २०१० मध्ये मालिकेने मुक्काम न्यू यॉर्कहून लॉस एंजेलिसला हलवला. चाळीस वर्षं मॅनहॅटनमध्ये काम केलेली, साठी उलटलेली बाई विमानाने जायला लागली, आणि वर्षभराने एप्रिलमध्ये चॅनेलने बंद करतोय असं जाहीर केलं. त्या जागी खाण्यापिण्याच्या गप्पांचा कार्यक्रम आला. शेवटच्या भागात गोळी सुटली, पडदा काळा झाला, आणि गोळी कुणाला लागली हेही धड सांगितलं नाही. मी आले तेव्हा अशा डझनभर मालिका होत्या, आता बोटांवर मोजण्याइतक्या. तुला मिळतेय ती उद्या बंद पडू शकते. म्हणून करारातलं एक बघ: सहसा तुला काही वर्षं बांधून ठेवतात, पण त्यांना मात्र काही आठवड्यांच्या टप्प्यावर तुला काढता येतं. ते कलम वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. बाबा म्हणतात वकिलाचे पैसे ते देतील. देतील. न्यू यॉर्कची खोली लगेच सोडू नकोस.

आणि भूमिका कसली आहे ते तू गुरुवारी सांगितलंस, मी ऐकलं नाही असं दाखवलं. दोन घरांत भांडणं लावणारी वकिलीण. म्हणजे कैकेयीच. आजी असती तर फोनवरच ओरडली असती.

नाही म्हणायचं असेल तर म्हण, पण तुला ती बाई आवडली नाही म्हणून म्हण. तळघरातल्या चाळीस लोकांना काय वाटेल म्हणून, आणि आईने कुकरचं खोटं सांगितलं म्हणून, नको.

चिवडा आणि मेतकूट वेगळ्या खोक्यात पाठवलंय, मंगळवारी पोचेल. आजीचा एरोग्राम या पाकिटात आहे, मूळ आहे, नीट ठेव. कडेच्या पट्टीतलं अक्षर लागलं नाही तर फोन कर, मी वाचून दाखवते.

तुझी,
आई