शाहूपुरीच्या घरावर सही मागणाऱ्या लेकाला

कोल्हापूर

चि. संदीप,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फायनान्स कंपनीचा कर्जाचा अर्ज ताईच्या पोराकडून छापून घेतला आणि बारीक अक्षरांसकट सगळा वाचला. शाहूपुरीचं घर तारण, 40 लाख रुपये, मुदत 15 वर्षं, व्याज आजच्या घडीला 10 टक्के. मालक म्हणून सही माझी आणि ताईचं हक्कसोडपत्र. मी सही करणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको.

रागाने लिहीत नाही. सगळी नोकरी सहकारी बँकेत कर्ज आणि वसुली या दोन टेबलांवर गेली, त्यामुळे कर्ज म्हटलं की कपाळाला आठ्या घालणाऱ्यांतली मी नाही. लेथ घ्यायला राहतं घर तारण ठेवणारे उद्यमनगरातले कितीतरी जण मी पाहिलेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची बोजा उतरवायची पत्रं मीच टाइप केलीत. लेथ सकाळी आठला सुरू होतो आणि आपला हप्ता आपण मिळवतो. तुझ्या यादीत मिळवती वस्तू एकही नाही. 20 लाखांची गाडी, फ्लॅटचं इंटिरिअर आणि युरोप मिळून 9 लाख, आणि कार्डाची व पर्सनल लोनची मागची थकबाकी 11 लाख.

गाडीचंच घे. 40 लाखांना हप्ता बसतो 42,984 रुपये. पहिल्या हप्त्यातले 33,333 व्याजातच जातात, मुद्दल फिटतं 9,651. पंधरा वर्षांत भरायचे 77 लाखांच्या वर. त्यात एकट्या गाडीपोटी 38 लाख 69 हजार. याच व्याजाने 20 लाख सात वर्षांत फेडलेस तर 27 लाख 89 हजारांत सुटशील. घर तारण दिलं की मुदत लांबते, हप्ता लहान दिसतो आणि माणसाला वाटतं स्वस्तात पडलं. खासगी गाडीची नोंदणीसुद्धा 15 वर्षांचीच असते. तू शेवटचा हप्ता भरशील त्याच सुमाराला आरटीओत फेरनोंदणीच्या रांगेत उभा असशील, तोवर ती गाडी तुझ्याकडे राहिली तर. तू काही पंधरा वर्षं एक गाडी वापरणाऱ्यातला नाहीस, बाबांची स्कूटर वेगळी होती.

फोनवर तू म्हणालास, "आई, ऐपत असल्याशिवाय कंपनी एवढं देईल का?" देईल. कर्ज मंजूर करताना दोन गोष्टी बघायच्या असतात, परतफेडीची ताकद आणि तारण. तारण भक्कम असलं की पहिल्या गोष्टीकडे डोळेझाक होते, कारण पैसे बुडायची भीती उरत नाही. म्हणजे त्यांची उरत नाही. तुझ्याकडे येणाऱ्या त्या गोडबोल्या एजंटाला तर कमिशन कर्ज सुटलं की मिळतं, फिटलं की नाही. घराची किंमत वाढली म्हणून तुझा पगार वाढलेला नाही, आणि हप्ता पगारातून जायचाय.

एका फाइलची गोष्ट सांगते. नाव लिहीत नाही, माणूस आपल्याच बाजूचा. वडिलांनी बांधलेलं दुमजली घर, चालतं दुकान. पहिलं कर्ज कागदावर 'व्यवसायवाढीसाठी' होतं. प्रत्यक्षात लेकीच्या लग्नाला लॉन, दारात नवी गाडी, चौकात डिजिटल फलक. नाद खुळा म्हणत लोक जेवून गेले. दोन वर्षांनी घराचं मूल्यांकन वाढवून वाढीव कर्ज काढलं, त्यातून बंगल्यासारखी पुढची बाजू केली. मग हप्ते ओढेनात. बायकोचा साज सोनेतारणाला गेला, भिशी पहिल्याच महिन्यात उचलली, एकाचं घेऊन दुसऱ्याला देणं सुरू झालं. दुकान शेवटपर्यंत बरं चाललं होतं, हे लक्षात घे. धंदा बुडाल्यामुळे बुडाला असता तर मला एवढं लिहावंसं वाटलं नसतं.

नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत. मग कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या 2002च्या सरफेसी कायद्याची साठ दिवसांची नोटीस. त्यानंतर ताब्याची नोटीस दारावर चिकटते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक इथल्या भाषेतलं, म्हणजे पाहुण्यारावळ्यांपर्यंत बातमी आपोआप जाते. पुढे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणि पोलीस बंदोबस्त. घरात बायका असतात म्हणून मला बरोबर नेलं होतं. दारावरच्या नोटिशीवर त्या गृहस्थाने कॅलेंडर टांगलं होतं. साहेब सांगत होते आणि मी पंचनामा लिहीत होते, लोखंडी कपाट एक, सोफासेट एक, मोठा टीव्ही एक. आतून बाई म्हणाल्या, गॅसवर आमटी आहे, तेवढी उतरवते, मग कुलूप लावा. साहेबांनी थांबायला सांगितलं. आम्ही सगळे पोलिसांसकट आमटी उतरेपर्यंत उभे होतो. लिलाव पहिल्या वेळी झालाच नाही, दुसऱ्या वेळी राखीव किंमत खाली आणावी लागली.

हा कायदा सहकारी बँकांना लागू नाही असं म्हणणारे बरेच होते. तो वाद सुप्रीम कोर्टात गेला तोही आपल्या जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेच्या खटल्यातून, आणि मे 2020मध्ये पाच न्यायमूर्तींनी लागू आहे असा निकाल दिला. तुझी तर फायनान्स कंपनी आहे. मोठ्या फायनान्स कंपन्यांना 20 लाख आणि त्यावरच्या कर्जासाठी हे हत्यार मिळालेलंच आहे.

तुझी सोनल म्हणते, अमेरिकेत सगळे असंच करतात. करत होते खरं. 2006 पर्यंत तिकडे घरांचे भाव चढतच होते. लोक जुनं कर्ज मोडून वाढलेल्या किमतीवर नवं, मोठं कर्ज घ्यायचे आणि वरचा पैसा गाड्या, सहली, स्वयंपाकघरं यांत घालायचे. भाव घसरले तेव्हा कित्येकांच्या घराच्या किमतीपेक्षा डोक्यावरचं कर्ज जास्त झालं. सप्टेंबर 2008मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली, आणि त्यानंतर आपल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांच्या ऑर्डरी आटल्या. तिकडच्या स्वयंपाकघरांचे हप्ते इकडच्या मोल्डरच्या ओव्हरटाइममधून कापले गेले. आणि हे तिकडचंच खूळ आहे असंही समजू नकोस. ऑगस्ट 2024मध्ये रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी पतधोरण जाहीर करताना होम लोनवरच्या टॉप-अपबद्दल, म्हणजे चालू कर्जावर काढलेल्या जादा कर्जाबद्दल, बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना जाहीरपणे टोकलं होतं. पैसा कशासाठी घेतला आणि गेला कुठे, याच्यावर काही ठिकाणी नीट लक्ष ठेवलं जात नाही म्हणून. तुझ्या वाकडच्या फ्लॅटवर तू असलाच टॉप-अप काढून बसलायस.

त्या फ्लॅटचा खातेउतारा कधी उघडून बघितलास का? मे 2022च्या सुरुवातीला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना पैसे देते तो दर, 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा झाला. हप्ता तोच राहिला म्हणून तू खूश होतास. मुदत किती वर्षांनी सरकली ते बघ. नंतर दर उतरले, पण मुदत मागे आली का, तेही बघ.

आता आपलं घर. ॲपवर त्याची किंमत एक कोटीच्या वर दिसते म्हणतोस. ॲपला शाहूपुरी माहीत आहे, पंचगंगा माहीत नाही. इथे घर बघायला येणारा माणूस चहा घ्यायच्या आधी विचारतो, 2019ला पाणी कुठवर आलं होतं? मग विचारतो, आणि 2021ला? गिऱ्हाइकाचा भाव तिथे ठरतो.

आणि घर नुसतं पडून आहे हे मला परत ऐकवू नकोस. मी राहते त्यात.

ताईचा विषय मला जास्त लागला. बाबांनंतर प्रॉपर्टी कार्डावर आपल्या तिघांची नावं लागली. तू तिचं हक्कसोडपत्र असं मागितलंस, जणू गॅसचं पुस्तक मागतोयस. ती भिडस्त आहे, तू म्हणालास तर दुय्यम निबंधकाकडे जाऊन अंगठा देऊन येईल. म्हणून तिला मी आधीच बजावून ठेवलंय. तुमचं दोघांचं घरावरून वाकडं यायला नको, आणि त्यासाठी मी तुझ्याशी वाकडेपणा घ्यायला तयार आहे.

आता माझ्याकडून काय होईल ते लिहिते. तुझ्या कार्डाच्या बिलावर महिन्याला साडेतीन टक्के छापलंय, म्हणजे वर्षाला 42. ती आग आधी विझली पाहिजे. माझी एक ठेव मोडून कार्डाची बाकी मी थेट भरते, तुझ्या खात्यात पैसे टाकणार नाही. कार्ड बंद झाल्याचं पत्र मला दाखवायचं. ठेवीवर मला जेवढं व्याज मिळायचं तेवढं तू दरमहा मुद्दलासकट परत करायचं, फुकट नाही. पर्सनल लोन तुझ्या बोनसमधून फेड. इंटिरिअरचं सोनल आणि तू बघा, त्यात मी पडत नाही. युरोपला जरूर जा, मलाही न्या, पण पैसे साठवून. सध्याची गाडी काय वाईट आहे? एसी चालतो, मागच्या वेळी मी स्वतः बसले होते.

गणपतीला याल तेव्हा फ्लॅटचं कर्ज, टॉप-अप आणि पर्सनल लोन, तिन्हींचे खातेउतारे छापून आण. मोबाईलवर दाखवलेस तर मी बघणार नाही, मला एका ओळीवर बोट ठेवून बेरीज करायची सवय आहे. सोनललाही बसव. एजंटाला मात्र आजच फोन करून नाही म्हण, नाहीतर प्रोसेसिंग फी कापून घेतील.

छकुलीला पापा.

तुझी,
आई