हिशेबी माणसाची श्रद्धा

प्रिय मित्रा,

स्वतःचं हित बघून चालणाऱ्यानं देवापुढे हात जोडणं हे ढोंग आहे का, असं तू विचारलंस. मला तसं अजिबात वाटत नाही.

धर्मांनी स्वहिताला कधी दाराबाहेर उभं केलेलं नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत. काही मिळावं म्हणून भजणारा अर्थार्थी त्यांतलाच एक. ज्ञानी सर्वांत वरचा खरा, पण ‘उदार’ चौघांनाही म्हटलं आहे. इस्लाममध्ये ठरावीक मर्यादेपलीकडची (सोन्यात साधारण 85 ग्रॅम) संपत्ती एक चांद्रवर्ष टिकली, तरच तिच्यावर अडीच टक्के जकात (धर्मानं सांगितलेलं सक्तीचं दान) लागते. राहतं घर त्यात धरत नाहीत. ज्यू धर्मात जीव वाचवण्यासाठी शब्बाथ (आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस) मोडणं हे कर्तव्यच आहे. आधी तू जग, मग दे, हे शास्त्रांनीच मान्य केलं आहे.

बिनसतं ते सौद्यात. ‘हे झालं तर ते देईन’ म्हटलं की फळ मिळालं तर देवाची कृपा, नाही मिळालं तर आपलंच काही चुकलं. अंदाज कुठे फसला हे कधी कळतच नाही, त्यामुळे बुद्धी काही शिकत नाही. श्रद्धाही निकालागणिक वर-खाली होत राहते. फ्रेंच गणिती आणि विचारवंत पास्काल याचा युक्तिवाद (त्याच्या मृत्यूनंतर 1670 मध्ये छापला गेला) असाच मोहात पाडतो: देव असला तर लाभ अनंत, नसला तर तोटा किरकोळ. पण कुठला देव? आणि फायदा दिसला म्हणून विश्वास बसतो थोडाच! ही दुसरी अडचण पास्कालला दिसली होती, म्हणून तर त्यानं आचरणापासून सुरुवात करायला सांगितलं. पहिलीचं उत्तर त्या आकडेमोडीत नाही.

म्हणून जिथे परिणाम मोजता येतो तिथे बुद्धीचंच ऐक. इन्शुलिन चालू असताना डोस न बदलता कडक उपवास केला, तर रक्तातली साखर 70 mg/dL च्या बरीच खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो करूच नये. दानाचंही तसंच. कर्जाचे हप्ते, विमा, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढ आणि उरेल त्यातला ठरावीक हिस्सा दे. तो हिस्सा वर्षाच्या सुरुवातीला, डोकं शांत असताना ठरव. संकटात घाबरलेला माणूस झेपणार नाही एवढं कबूल करतो आणि मग देताना मनातून चिडतो.

मात्र मुळात काय हवंसं वाटावं, हे हिशेब सांगत नाही. तिथे श्रद्धेचं काम सुरू होतं. रोज दहा मिनिटं काहीही न मागता बसून बघ. सुरुवातीला मन मागण्यांकडेच धावेल. धावू दे, त्यावर चिडू नकोस. आपण कशाच्या मागे लागलो आहोत, हे त्यातूनच दिसू लागतं.

राहिला तू बोललेला नवस. शब्द दिला आहेस, तेव्हा फेड. पण त्यासाठी कर्ज काढू नकोस, ठेव मोडू नकोस. वर सांगितलेल्या हिश्श्यातून थोडा थोडा फेड, दोन वर्षं लागली तरी चालतील. नवा मात्र बोलू नकोस.

तुझा,
मित्र