बॅटरीचा आकडा किती तासांचा, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विजेवरच्या छोट्या ट्रॅक्टरविषयी आपल्या कृषी पानावर वरचेवर येते. मोटारीची ताकद, डिझेलची बचत, सगळे असते. बॅटरी कशी निवडावी हे मात्र नसते. सांगोल्याजवळ माझी तीन एकर डाळिंबाची बाग आहे. दोन ओळींमधले गवत काढण्यासाठी मी जुन्या मिनी ट्रॅक्टरचे इंजिन उतरवून पाच किलोवॅटची मोटर बसवून घेतली. दुकानदाराने इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या चार ट्यूब्युलर (शिशाच्या) बॅटऱ्या एकीपुढे एक जोडून दिल्या; अशा जोडणीत व्होल्ट वाढतात, अँपिअर-तास १५०च राहतात. मोटर ९०च्या आसपास अँपिअर ओढते, तेव्हा दीड तास तरी काम होईल असा माझा हिशेब. नव्या बॅटऱ्यांवरही पाऊण तासात ट्रॅक्टर मंदावू लागला.

तो १५०चा आकडा वीस तासांचा असतो, हे मला फार उशिरा कळले. साडेसात अँपिअरने सावकाश ओढले तरच तेवढी वीज मिळते. ९०ने ओढली की निम्म्याच्या आसपासच हाती लागते. शिवाय शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत उतरवली की प्लेटा लवकर जातात. त्यात आमची शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. आठ-दहा तासांचे चार्जिंग मध्येच तुटते, बॅटरी अर्धवट भरलेली पडून राहते आणि प्लेटांवर सल्फेट धरते. एका हंगामात चारही गेल्या.

आता लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे, १६ सेलची, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास. कागदावर लहान, पण तासभर काम देते आणि अर्धवट चार्ज राहिली तरी तिचे बिघडत नाही. तिचा चार्जर मात्र वेगळा घ्यावा लागतो. आत बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारे सर्किट असते, ते जास्तीत जास्त किती अँपिअर सोडते हेही विचारून घ्यावे. माझा पहिला बीएमएस १०० अँपिअरचा होता. बांध चढताना मोटारीने जास्त ओढले की वीज तोडायचा आणि ट्रॅक्टर चढावर उभा. वजनाचे तर मला सुचलेच नव्हते. जुन्या चार बॅटऱ्या मिळून सव्वादोन क्विंटल, त्या मागच्या चाकांवर भार देत. ही जेमतेम अर्धा क्विंटल, चाके जागीच फिरू लागली. आता मागे वाळूची पोती बांधतो.

माझी विनंती एवढीच, की विक्रेत्यांनी पावतीवर अँपिअर-तासांसोबत तो आकडा किती तासांच्या हिशेबाचा आहे तेही लिहावे, आणि आपणही ट्रॅक्टरची माहिती छापताना ते विचारून छापावे. आमच्या शिवारातला एक तरुण बागायतदार गेल्याच आठवड्यात तसल्याच चार ट्यूब्युलर बॅटऱ्यांचा इसार देऊन आला आहे.

— एक डाळिंब बागायतदार, सांगोला (जि. सोलापूर)