बोलेल उशिरा, म्हणून थांबू नये

संपादक महोदय,

स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) प्रमाण झपाट्याने वाढत असल्याच्या बातम्यांत एक बाब बहुधा सुटते. अमेरिकेत 2000 साली आठ वर्षांच्या 150 मुलांमागे एक अशी नोंद होती, ती 2022 मध्ये 31 मुलांमागे एक अशी झाली. परंतु या काळात निदानाची व्याख्या रुंदावली आणि पूर्वी नुसती ‘मंद’ वा ‘हट्टी’ ठरवली जाणारी मुले मोजणीत आली, हे या वाढीचे मोठे कारण आहे. लसींशी तिचा संबंध नाही, हे वारंवार सिद्ध झाले आहे (व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र तसा दावा फिरतोच).

माझा नातू दीड वर्षाचा असताना हाकेला वळून पाहत नसे. खेळण्यातली मोटार उलटी धरून तिचे एकच चाक कितीतरी वेळ फिरवीत बसे. ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला,’ असे म्हणणाऱ्यांत मीही होते. त्यात आमची दोन वर्षे गेली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके मुलांच्या तपासणीसाठी अंगणवाड्यांत येतात, पुढे जिल्हा पातळीवर अशा मुलांना लवकर मदत व उपचार देणारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रेही आहेत. तरीही 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान बूस्टर डोससाठी बाळ आरोग्य केंद्रात येते, तेव्हाच ते बोट दाखवून काही मागते का, नजरेला नजर देते का, एवढे आईला विचारून उत्तर बाळाच्या कार्डावर नोंदवणे आरोग्य विभागाने सक्तीचे करावे.

– एक आजी, सातारा