विधवांच्या ताटापासून निघालेली वाट : अल्पसंख्याक विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अल्पसंख्याक विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सलाम. नगरकडच्या आम्हा ख्रिस्ती माणसांत भेटल्यावर असंच म्हणतात.

नाताळात पुढारी आमच्या देवळात येतात, केक कापतात, शुभेच्छा देतात. आनंद वाटतो. पण निघताना प्रश्न येतोच, "तुमची घरं किती?" उरलेलं वर्ष दुसरा प्रश्न कानावर पडतो, "यंदा किती जण बाटवले?" दोन्ही प्रश्न आकड्यांचे. मंडळी असते कशासाठी, हे कुणी विचारत नाही. म्हणून न विचारता लिहितो आहे.

मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, चर्चला 'मंडळी' म्हणतात. म्हणजे माणसं, इमारत नंतर आली. त्यातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमेच्या मंडळीतली एक तक्रार नोंदलेली आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, ती तक्रार झटकली नाही. त्या कामासाठी सात माणसं निवडून घेतली. प्रार्थना चालू राहिली आणि ताटंही वाढली गेली. जिथे या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटतात तिथे मंडळी उरत नाही, नुसता ट्रस्ट उरतो.

आपल्याच मातीतलं पाहा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडलं ते विधवांसाठी. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या; केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. आणि रेव्हरंड ना. वा. टिळक! १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही येशूचे शिष्य म्हणून जागा होती. ज्याला डोकीच मोजायची आहेत, तो असा दरबार भरवत नाही.

आम्ही स्वच्छ आहोत असं म्हणणार नाही. विश्वस्तांची भांडणं धर्मादाय आयुक्तांच्या दारात वर्षानुवर्षं पडून असतात. जमिनीच्या वादात आम्ही विधवांची ताटं विसरतो. मला त्याची लाज वाटते.

आता मुद्द्याचं. काही राज्यांच्या धर्मांतरविरोधी कायद्यांत 'आमिष' या शब्दात भेटवस्तू येते; उत्तर प्रदेशच्या कायद्यात तर धार्मिक संस्थेच्या शाळेतलं मोफत शिक्षणही येतं. जबरदस्तीने किंवा लालूच दाखवून दिलेला बाप्तिस्मा माझ्या लेखी बाप्तिस्माच नाही. तसं करणाऱ्यावर जरूर कारवाई करा. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेली प्रार्थना, त्याच्या घरी पोचवलेला डबा, पोराची भरलेली फी यांनाही आमिष ठरवलंत, तर मंडळीचं कामच गुन्हा होईल. २०११च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती एक टक्काही भरले नाहीत. शंभर-दीडशे वर्षांच्या 'आमिषा'नंतर ही संख्या आहे, याचा विचार व्हावा.

आपल्याकडे मागणी एकच. धर्मांतरविरोधी कायद्याचा विषय मंत्रिमंडळासमोर येईल तेव्हा, किंवा नियम आणि पोलिसांसाठीच्या सूचना लिहिल्या जातील तेव्हा, सेवा आणि लालूच यांतला फरक स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. त्याआधी पाळक (मंडळीचे धर्मगुरू), नर्स, वसतिगृहं चालवणारे यांना समोर बसवून ऐका.

आणि एकदा नाताळ सोडून या. आमची प्रार्थना बुधवारी संध्याकाळी सातला असते. चटईवर बसतो. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचं काम सुटलं, हे आधी विचारतो, मग गीत म्हणतो. माणसं पंधरा-वीसच असतात.

आपला,
मंडळीचा एक सभासद
अहिल्यानगर जिल्हा