अनूस पत्र : चालढकलीविषयी

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या साहेबांनी तुझ्या कामावर ‘ड्रॅगिंग हर फीट’ असा शेरा मारला आणि तो तुला फार लागला, हे पत्रावरून कळले. त्यांनी तुला आळशी म्हटलेले नाही. जे काम मनातून पटलेले नाही, पण तसे तोंडाने सांगायचेही नाही, त्यात माणूस जाणूनबुजून जी चालढकल करतो, तिच्याकडे त्यांचे बोट आहे. म्हणून हा शेरा झटकून टाकू नकोस.

अमेरिकी यादवी युद्धातला उत्तरेचा सेनापती जॉर्ज मॅक्लेलन मला यासंदर्भात नेहमी आठवतो. सैन्य उभे करण्यात त्याचा हातखंडा होता आणि शिपायांचा त्याच्यावर जीव होता. 17 सप्टेंबर 1862 रोजी अँटीटमच्या लढाईत दोन्ही बाजूंची मिळून सुमारे 23,000 माणसे ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचे खिळखिळे झालेले सैन्य पोटोमॅक नदीपार निघून गेले आणि मॅक्लेलन अलीकडच्या काठावरच थांबून राहिला. लिंकन स्वतः छावणीत येऊन गेले. 6 ऑक्टोबरला नदी ओलांडण्याचा स्पष्ट हुकूम सुटला. त्यावर नकार आला नाही, आल्या त्या मागण्या : बूट हवेत, कपडे हवेत, घोडे हवेत. घोडे थकले आहेत, त्यांच्या जिभा दुखऱ्या झाल्या आहेत, असे कळल्यावर लिंकननी तारेने विचारले, की अँटीटमनंतर या घोड्यांनी थकण्यासारखे केले तरी काय? नदी ओलांडायला 26 ऑक्टोबर उजाडला, आणि 7 नोव्हेंबरच्या रात्री सेनापतिपद सोडण्याचा हुकूम त्याच्या तंबूत पोहोचला.

मला अस्वस्थ करते ते हे, की त्याच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. बूट कमी होते, घोडेही आजारी होते. मात्र शत्रूचे बळ तो सतत फुगवून मोजत असे, लिंकनचे गुलाममुक्तीचे धोरण त्याला मान्य नव्हते, आणि माझ्या मते मनातली ही नाखुशी त्या खऱ्या कारणांच्या आडोशाला बिनबोभाट राहिली.

तूही आधी जुन्या नोंदी पुन्हा तपासायला मागितल्यास, मग आणखी एक चाचणी मागितलीस. दोन्ही मागण्या रास्त आहेत. पण ठरलेल्या मुदतीत नवी प्रणाली सुरू केली तर शाखांतल्या कर्मचाऱ्यांचे पगार अडकतील, ही तुझी खरी भीती तू मला फोनवर सांगितलीस, साहेबांना नाही. ती त्यांना लेखी कळव. किती मुदत हवी आणि का, हे स्पष्ट लिही. त्यांनी ऐकले नाही, तर काम वेळेत करून दे किंवा ते दुसऱ्याकडे सोपवण्याची विनंती कर. सोमवारपूर्वी टिपण तयार झाले तर मला वाचायला पाठव.

तुझे,
बाबा