गावाच्या जलसुरक्षकास, मनापासून

दादा, रामराम.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. गावाचं पाणी शुद्ध करायला तुम्ही टाकीवर चढता ते कोणी पाहत नाही. म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

पहिले आभार बादलीतल्या निवळीचे. टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकीत तशीच ओतून मोकळं होता येतं. तुम्ही तसं करत नाही. हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 50 हजार लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम तोलून घेता. एका बादलीत 100 ग्रॅमच्या वर नाही. आधी थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या फोडायच्या, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. चुना तळाला बसतो. वरची निवळी तेवढी टाकीत. चुना आत गेला तर गाळ साचतो, पाणी आणखी जड होतं, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतंच. त्यानंतर अर्धा तास व्हॉल्व्ह बंद. खाली हंडे वाजतात, 'सोडा की आता' म्हणून आवाज चढतात, तरी तुम्ही घड्याळाकडे पाहत थांबता. क्लोरीनला जंतू मारायला तेवढा वेळ लागतोच.

विहिरीचा हिशोबही तुम्ही अंदाजानं करत नाही. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला 785 नं गुणायचं की लिटर निघतात. 6 मीटर व्यास आणि 3 मीटर पाणी असेल तर सुमारे 85 हजार लिटर, पावडर 425 ग्रॅम. उन्हाळ्यात पाणी खाली जाईल तसं हे माप पुन्हा काढावं लागतं. पोतंही कोरड्या, अंधाऱ्या जागी, तोंड घट्ट बांधून. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. ओल लागली की तो उडून जातो, मग माप बरोबर असूनही पाणी कच्चंच राहतं.

सगळ्यात मोठे आभार मात्र शेवटच्या घराच्या तोटीखाली बसून केलेल्या ओटी टेस्टचे, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते थेंब टाकून रंगावरून पाहण्याचे. टाकीशेजारच्या नळाला पिवळा रंग येणारच. खरी परीक्षा वस्तीच्या टोकाला. तिथं लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन दिसला नाही तर पावडर वाढवण्याआधी तुम्ही नाली ओलांडणारी कनेक्शनं पाहता. चार-पाच दिवसांआड पाणी सुटतं, मधल्या काळात लाईन रिकामी राहते. त्यात कोणी मोटार लावून ओढलं की फुटक्या जोडातून नालीचं पाणी आत शिरतं. जुलाबाची साथ बऱ्याचदा इथूनच सुरू होते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं नालीला सोडा, हे तुमचं सांगणं घराघरात पोचायला हवं.

आता आमच्याकडून. टाकीच्या शिडीला कठडा नाही, आणि पावडर कालवताना तुमच्याकडे हातमोजे नाहीत, चष्मा नाही, तोंडाला गमछा तेवढा. येत्या ग्रामसभेत हे तीनही विषय आम्ही लेखी मांडतो आहोत, आणि कनेक्शन नालीतून उचलून वर घेण्याचाही. त्या दिवशी तुम्ही समोर बसा.

आपले,
गावकरी